जुने काँक्रीटचे अंगण आणि पायवाट : पंधरा हजारांत काय होऊ शकेल?

दारव्हेकर

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचे घर आहे. घरासमोर २५ फूट लांब आणि १६ फूट रुंद असे काँक्रीटचे अंगण असून, फाटकापासून अंगणापर्यंत ४० फूट लांबीची व ३ फूट रुंदीची काँक्रीटचीच पायवाट आहे. हे काम वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी करून घेतले होते. काळ्या मातीवर मुरमाचा पातळ थर पसरून त्यावर तीन इंच काँक्रीट टाकले होते, एवढेच मला ठाऊक आहे.

सध्या अंगणात आडव्या-उभ्या भेगा पडल्या आहेत, न्हाणीकडचा कोपरा खचला आहे आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचते. उरलेल्या भागाचा पृष्ठभाग झिजला असून झाडू मारला की राखाडी भुकटी निघते. या अंगणात आम्ही सोयाबीन, तूर आणि हरभरा वाळवतो, त्यामुळे ती भुकटी थेट धान्यात जाते. पायवाटेचा फाटकाजवळचा भाग कडुनिंबाखाली येतो. तिथे शेवाळ धरते, मुळांमुळे काँक्रीट उचलले गेले आहे आणि घरातील वयस्कर आईला काठी टेकत तिथूनच चालावे लागते.

माझ्याजवळ या कामासाठी पंधरा हजार रुपये आहेत. घरचे दोन माणसांचे श्रम उपलब्ध आहेत. मे महिन्यात शेतीची कामे नसतात, तेव्हा हे उरकावे असा विचार आहे. वरून एक इंचाचा सिमेंटचा थर देऊन घोटून घ्यावा, की फरशी बसवावी, की सगळे उखडून नव्याने करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नागपूरकर

आपण पार्किंगसाठी मिळणाऱ्या खडबडीत टाइल्सचा विचार करावा. जुन्या काँक्रीटवरच त्या बसवता येतात, तोडफोड होत नाही आणि दिसायलाही अंगण नवे दिसते. चारशे चौरस फुटांना पंधरा हजार पुरणार नाहीत हे खरे, पण समोरच्या अर्ध्या भागापासून सुरुवात करता येईल.

निवृत्त ओव्हरसियर

टाइल्सची सूचना चांगल्या हेतूने केलेली आहे, परंतु खाली हलणारे काँक्रीट असेल तर खालची प्रत्येक भेग पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यात टाइलमधून वर येते. एक इंचाच्या थराचे आणि घोटाईचेही तेच. म्हणून वर काय घालायचे हा प्रश्न सध्या बाजूला ठेवून, काँक्रीट का बिघडले हे आधी शोधावे. त्यासाठी पैसा लागत नाही.

आपल्याकडची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेली तीन इंचांची पाटी, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, दरवर्षी वर-खाली होते. सगळीकडे सारखी झाली असती तर फारसे बिघडले नसते. पण एका कोपऱ्यात बारमाही ओल आणि दुसऱ्या टोकाला झाडाची मुळे जमीन कोरडी करत असली, की पाटी वाकते आणि मोडते. आपल्या वर्णनात ही दोन्ही कारणे मला दिसतात, पण खात्री करून घ्यावी.

लोखंडी पहार किंवा हातोडीचा दांडा घेऊन संपूर्ण अंगणावर फूट-फूट अंतरावर हलके ठोकत जावे. जिथे खणखणीत आवाज येतो तिथे काँक्रीट जमिनीला टेकलेले आहे आणि जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे खालची माती सुटलेली आहे. पोकळ भागाभोवती खडूने रेघ ओढावी. त्यानंतर अंगणावर चार-पाच बादल्या पाणी ओतून ते कोणत्या दिशेला धावते आणि कुठे थांबते ते पाहावे. तिसरी गोष्ट म्हणजे भेगांच्या दोन्ही कडा एका पातळीत आहेत की एक कडा वर आली आहे, ते बोट फिरवून तपासावे. नुसती भेग असेल तर ती भरता येते. कडा वर-खाली झालेली असेल तर तिथे खालून काम करावे लागते.

न्हाणीचे पाणी सध्या कुठे जाते, हेही कळवावे.

दारव्हेकर

ओव्हरसियर काका, आपण सांगितल्याप्रमाणे सगळे तपासले. न्हाणीकडच्या कोपऱ्यातील साधारण १२ फूट गुणिले १० फूट भाग पोकळ वाजतो आणि तिथल्या भेगांच्या कडा अर्ध्या इंचाने वर-खाली आहेत. उरलेल्या भागात भेगा असल्या तरी आवाज खणखणीत आहे आणि कडा एका पातळीत आहेत. ओतलेले पाणी न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन थांबते. न्हाणीचे पाणी उघड्या नालीने अंगणाच्या कडेने जाते आणि ती नाली दोन ठिकाणी फुटलेली आहे. पायवाटेचा अंगणाकडचा २५ फुटांचा भाग ठीक आहे, कडुनिंबाखालचे १५ फूट मात्र पार उखडल्यासारखे झाले आहेत.

निवृत्त ओव्हरसियर

आता चित्र स्पष्ट झाले. चारशे चौरस फुटांपैकी फक्त १२० चौरस फूट निकामी आहे, म्हणजे आपला खर्च तिथेच एक तृतीयांशाच्या खाली आला.

सर्वांत आधी नाली. ती फुटकी राहिली तर मी पुढे जे लिहितो आहे त्याला काही अर्थ उरणार नाही. उघडी नाली दुरुस्त करण्यापेक्षा त्या जागी तीन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप उताराने टाकून पाणी अंगणापासून दूर परसात न्यावे आणि केळी, अळू किंवा पपईला सोडावे. शोषखड्डा करायचा असल्यास एक लक्षात घ्यावे, की निव्वळ काळ्या मातीत पाणी फार हळू मुरते. खड्डा खालच्या मुरमापर्यंत गेला तरच तो काम देतो, नाहीतर वर्षभरात तो नुसते डबके होऊन बसतो. घराच्या पायापासून तो जेवढा दूर तेवढा बरा.

दुसरे काम खचलेल्या कोपऱ्याचे. तेवढा भाग सरळ रेषेत तोडून काढावा, खालची माती खणून वरच्या पातळीपासून एक फूट खोल जावे आणि नऊ इंच मुरूम भरून त्यावर तीन इंच काँक्रीट टाकावे. मुरूम एकदम भरू नये. तीन-तीन इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थर ओलसर करून धुम्मसाने (जमीन ठोकण्याच्या जड ठोकणीने) ठोकावा आणि मगच पुढचा थर टाकावा. काही जण मुरमाऐवजी मोठे दगड किंवा निव्वळ रेती भरतात. काळ्या जमिनीत तसे करणे घातक असते, कारण दगडांच्या पोकळीत पाणी साचते आणि भोवतालची माती ते बाराही महिने पीत राहते. चिकटपणा असलेला, ठोकल्यावर घट्ट बसणारा मुरूमच हवा.

साहित्याचा हिशेब असा धरावा. १२० चौरस फूट आणि तीन इंच जाडी म्हणजे ३० घनफूट तयार काँक्रीट. त्याला कोरडे साहित्य सुमारे दीडपट, म्हणजे ४६ घनफूट लागते. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती आणि चार भाग गिट्टी असे प्रमाण घेतले तर सिमेंट साडेसहा घनफुटांच्या आसपास येते. ५० किलोचे एक पोते सव्वा घनफुटाचे असते, त्यामुळे साडेपाच पोती लागतील. रेती १३ घनफूट आणि गिट्टी २६ ते २७ घनफूट, म्हणजे रेती-गिट्टी मिळूनही अर्धा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आत काम होते. तीन इंचांच्या पाटीसाठी गिट्टी वीस मिलिमीटरपेक्षा मोठी घेऊ नये.

उतार विसरू नये. दर दहा फुटांना दीड इंच, तोही घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला.

थापी-करणी

मी आर्वीकडचा, बांधकामावरच काम करतो. काकांनी हिशेब बरोबर दिला आहे, मी फक्त हाताच्या कामाविषयी लिहितो, कारण अंगणे बहुतेक वेळा तिथेच बिघडतात.

गावाकडे काँक्रीट पातळ करण्याची सवय आहे. पाणी जास्त घातले की ते सहज पसरते आणि मजुराला सोपे जाते, परंतु जास्तीचे पाणी बारीक सिमेंट घेऊन वर येते आणि वाळल्यावर तोच थर भुकटी होऊन निघतो. आपल्या अंगणातून निघणारी राखाडी भुकटी बहुधा अशाच पातळ मालाची आहे. एका पोत्याला पंचवीस ते सत्तावीस लिटर पाणी पुरे. रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. माल थोडा जड वाटेल, पण पट्टीने ओढून, थापीने ठोकून तो बसतो.

पट्टी ओढल्यावर वर पाणी चमकत असेल तोपर्यंत गुरमाळा (घोटण्याची गुळगुळीत थापी) लावू नये. ते पाणी सुकावे म्हणून काही जण वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात, तसे मुळीच करू नये, कारण त्याचे पापुद्रे निघतात. चमक गेली की लाकडी थापीने एकदा, मग गुरमाळ्याने एकदा, आणि शेवटी नारळाच्या झाडूने उताराच्या आडव्या दिशेने हलक्या रेघा ओढाव्यात. धान्य वाळवायचे आहे म्हणून लोक काचेसारखी घोटाई मागतात. त्यावर पावसाळ्यात पाय सरकतो. बारीक रेघांमुळे सोयाबीन अडकत नाही, झाडूने ते सहज गोळा होते.

नवे आणि जुने काँक्रीट एकमेकांना चिकटवण्याचा आग्रह धरू नये. जुनी बाजू जमिनीबरोबर एका तऱ्हेने हलणार आणि नवी दुसऱ्या तऱ्हेने. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी ठेवून काँक्रीट टाकावे आणि नंतर वरचा इंचभर भाग कोरून त्यात डांबर व बारीक रेती यांचे मिश्रण भरावे. १२ फुटांच्या लांबीत आणि १० फुटांच्या रुंदीत मध्येही एकेक सांधा द्यावा, म्हणजे जवळजवळ चौरस असे चार तुकडे होतील. भेग पडायची असेल तर ती त्या सांध्यांतच पडेल.

सारवण

मी कारंज्याकडील एका खेड्यातून लिहिते आहे. सर्वांचे प्रतिसाद वाचले आणि एक वेगळा प्रश्न मनात आला. पैसे कमी आहेत, जमीन काळी आहे आणि काँक्रीट मोडणारच आहे, तर तेवढे काँक्रीट परत टाकायचेच कशाला? आमच्या घरी अर्धे अंगण ठोकलेल्या मुरमाचे असून त्यावर पांढरी माती आणि शेण यांचे सारवण असते. भेग पडली तर दुसऱ्या दिवशी बुजवता येते. मे महिन्यात काँक्रीटवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, सारवलेल्या अंगणात संध्याकाळी सडा टाकला की बाज टाकून बसता येते. पावसाचे पाणीही जमिनीत जाते. धान्य वाळवायला उरलेले २८० चौरस फूट काँक्रीट आणि एखादी ताडपत्री पुरेशी आहे.

दर आठ-पंधरा दिवसांनी सारवावे लागते आणि ते काम घरातील बाईच्याच वाट्याला येते, हे मला मान्य आहे. त्यामुळे निर्णय घेण्याआधी घरातील स्त्रियांना विचारावे, एवढे सुचवते.

निवृत्त ओव्हरसियर

ताई, आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे आणि मी तो अर्धा स्वीकारतो. अंगणाचा बाहेरचा भाग, जो घरापासून दूर आहे, तो मुरमाचा ठेवला तर काहीच बिघडत नाही, उलट कडुनिंबाला पाणी मिळते. परंतु दारव्हेकरांचा खचलेला कोपरा न्हाणीला आणि घराच्या भिंतीला लागून आहे. काळ्या जमिनीत घराच्या पायाभोवतीचा तीन ते चार फुटांचा पट्टा पाणी आत जाऊ न देणारा असणे अत्यंत गरजेचे असते. भिंतीलगत पाणी मुरले की पायाखालची माती फुगते आणि मग भेगा अंगणात न पडता भिंतीत पडतात. आपल्या भागात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या जाणाऱ्या ज्या भेगा दिसतात, त्यांतील पुष्कळ अशाच पाण्याने पडलेल्या असतात.

तेव्हा भिंतीपासूनचे पाच फूट काँक्रीट आणि त्यापलीकडचे पाच फूट ठोकलेला मुरूम असा मध्यम मार्ग निघू शकतो. त्यात सिमेंट निम्मे होईल. ट्रॅक्टरची ट्रॉली त्या बाजूने आत येत असेल तर मात्र मुरमावर चाकोऱ्या पडतील, हे लक्षात घ्यावे.

दारव्हेकर

ट्रॉली फाटकाबाहेरच थांबते, आत फक्त मोटारसायकल येते. सारवणाविषयी घरी विचारले. आईला कल्पना आवडली आणि पत्नीने स्पष्ट नकार दिला, त्यामुळे सारवण न करता नुसता ठोकलेला मुरूम ठेवण्यावर एकमत झाले आहे. आता उरलेल्या २८० चौरस फुटांच्या भुकटीचे काय करावे? त्यावर सिमेंटचा घोळ फिरवला तर चालेल का? शेजारच्या गावात एकाने लाल ऑक्साइड घालून घोटून घेतले आहे, दिसायला ते फार छान दिसते.

थापी-करणी

नुसत्या सिमेंटच्या घोळाचे एका उन्हाळ्यात पोपडे निघतात, असे बहुतेक ठिकाणी पाहिले आहे. ऑक्साइडचा रंग नव्या कामात मालाबरोबर मिसळला तर टिकतो, जुन्या झिजलेल्या पृष्ठभागावर पातळ थरात लावला तर तो झिजून धान्याला लागतो. लाल झालेली तूर व्यापारी घेणार नाही. शिवाय गडद रंगाचे अंगण अधिक तापते. रंगाचा मोह टाळावा.

वरून खरोखरच नवा थर द्यायचा असेल तर तो दोन इंचांपेक्षा कमी असू नये. त्यासाठी जुन्या काँक्रीटला छन्नीने टाचे मारून ते धुऊन घ्यावे लागते, आदल्या रात्री भिजवून ठेवावे लागते आणि जुना प्रत्येक सांधा नव्या थरात पूर्ण जाडीपर्यंत तसाच ठेवावा लागतो. २८० चौरस फुटांना दोन इंच म्हणजे आठ पोत्यांहून अधिक सिमेंट लागेल. आपल्या रकमेत ते बसणार नाही आणि गरजही दिसत नाही.

निवृत्त ओव्हरसियर

खणखणीत वाजणाऱ्या पण भुकटी सोडणाऱ्या काँक्रीटवर सोडियम सिलिकेटचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. साबण तयार करण्याचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत हे दाट, पारदर्शक द्रावण किलोवर मिळते. काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागातील बारीक छिद्रे भरतात आणि वरचा थर कठीण होतो.

पृष्ठभाग आधी तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन पूर्ण वाळवावा. एक भाग सिलिकेट आणि चार भाग पाणी असे मिसळून ते रुंद ब्रशने किंवा मऊ झाडूने लावावे. ते आत मुरून वाळले की दुसऱ्या दिवशी दुसरा हात आणि त्याच्या पुढच्या दिवशी तिसरा हात द्यावा. शेवटचा हात वाळल्यावर भरपूर पाण्याने धुऊन घ्यावे, म्हणजे वर राहिलेला पांढरा अंश निघून जातो. द्रावण क्षारयुक्त असते, त्यामुळे हातात रबरी मोजे असावेत आणि डोळ्यांत उडू देऊ नये. मुख्य म्हणजे ही प्रक्रिया भेगा भरण्याआधी करू नये, कारण सिलिकेट लागलेल्या कडांना नंतर काही नीट चिकटत नाही.

भेगांसाठी छन्नीने साधारण अर्धा इंच रुंद आणि तेवढीच खोल खाच करून आतली माती फुंकून काढावी. केसासारख्या भेगांना हात लावू नये. न हलणाऱ्या भेगेत एक भाग सिमेंट आणि तीन भाग बारीक रेतीचा माल भरावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एसबीआर लॅटेक्स (रबराचे दुधासारखे द्रावण) त्याच्या पाण्यात मिसळले तर चिकटपणा वाढतो. दरवर्षी उघडझाप करणाऱ्या भेगेत सिमेंट टिकत नाही, तिथे डांबर-रेतीच घालावी. ती काळी रेघ डोळ्यांना खटकते, पण पाणी खाली जाऊ देत नाही आणि आपल्याला तेच हवे आहे.

वैनगंगाकाठ

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, त्यामुळे भेगांविषयी आमचा अनुभव कमी आणि शेवाळाविषयी भरपूर. पूर्व विदर्भात पाऊस जास्त पडतो आणि झाडाखालची वाट दिवाळीपर्यंत निसरडी राहते.

शेवाळ काढण्यासाठी ब्लीचिंग पावडर पुरेशी आहे. बादलीभर पाण्यात दोन-तीन मुठी पावडर कालवून, निवळ वरचे पाणी वाटेवर टाकावे, अर्धा तास तसेच ठेवावे आणि मग ताठ ब्रशने घासून धुवावे. जनावरे व कोंबड्या तेवढा वेळ दूर ठेवाव्यात आणि धुतलेले पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये. बरेच जण डाग काढण्यासाठी फरशीचे ॲसिड वापरतात. ॲसिड काँक्रीटमधील सिमेंटच खाते, त्यामुळे आधीच भुकटी सोडणाऱ्या अंगणावर ते घालणे म्हणजे दुखणे वाढवणे आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच ठिकाणी, एकामागोमागही वापरू नये. त्यांतून निघणारा क्लोरीन वायू छातीत गेला तर जिवावर बेतू शकते.

हे सगळे केले तरी सावली आणि ओल तशीच असेल तर शेवाळ पुन्हा येते. कडुनिंबाच्या खालच्या फांद्या छाटून थोडे ऊन येऊ द्यावे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची माती वाटेपेक्षा खाली करावी. गावाकडच्या वाटा भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल गेलेल्या असतात, म्हणून पाऊस थांबल्यावरही पाणी त्यांवरच थांबते.

नागपूरकर

मग त्या १५ फुटांसाठी तरी पेव्हर ब्लॉक योग्य नाहीत का? मुळांनी उचलले तर चार ब्लॉक काढून, खाली सारखे करून पुन्हा बसवता येतात. काँक्रीटमध्ये ते शक्य नाही.

निवृत्त ओव्हरसियर

या जागेसाठी आपले म्हणणे मला पटते. झाडाखाली आणि काळ्या मातीवर एकसंध पाटीपेक्षा सुटे तुकडे कधीही चांगले. ४५ चौरस फुटांना लागतील एवढेच, ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक घ्यावेत. मात्र दोन्ही कडांना उभ्या विटांची किंवा काँक्रीटची घट्ट किनार हवी. किनार नसेल तर ब्लॉक बाहेर सरकत जातात आणि मग त्यांच्या मधल्या फटी वयस्कर माणसाच्या काठीला अडथळा ठरतात. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांच्या राखेमुळे विदर्भात राखेच्या विटा अनेक ठिकाणी मिळतात, किनारीसाठी त्या चालतील.

कडुनिंबाची जाड मुळे तोडू नयेत. झाडाला धोका होतो आणि वाऱ्यात ते पडू शकते. वाटच मुळांवरून दोन-तीन इंच वर उचलून घ्यावी.

थापी-करणी

ब्लॉक विकत आणण्याऐवजी फरश्या जागेवरच पाडता येतील, त्यात वाहतूकही वाचेल. दीड फूट गुणिले दीड फूट आणि दोन इंच जाडीची लाकडी चौकट करावी, आत जुने प्लास्टिक अंथरावे, निम्मा माल टाकल्यावर कोंबडीजाळीचा तुकडा ठेवावा आणि वरून उरलेला माल भरून झाडूने रेघा ओढाव्यात. एका पोत्यात अशा पंधरा फरश्या निघतात. ३ फूट रुंदीच्या वाटेत दोन-दोन फरश्या शेजारी ठेवल्या तर १५ फुटांना वीस लागतील, म्हणजे दीड पोत्याचे काम. गिट्टी मात्र दहा मिलिमीटरची घ्यावी. सावलीत, ओल्या पोत्यांखाली दोन आठवडे ठेवून मगच त्या उचलाव्यात, कच्च्या उचलल्या तर कोपरे जातात.

बसवताना खाली ठोकलेला मुरूम, त्यावर दीड-दोन इंच क्रशरची चुरी (गिट्टी फोडताना निघणारा दगडाचा बारीक चुरा) आणि वर फरशी. दोन फरश्यांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट ठेवू नये आणि त्यात चुरीच भरावी. बागेत ठेवतात तशी एकेक फरशी वीतभर अंतरावर ठेवणे आईंसाठी धोक्याचे आहे. वाटेचे आणि कोपऱ्याचे मोडलेले काँक्रीट फेकू नये. मुठीएवढे तुकडे करून किनारीच्या विटांखाली ठोकून बसवावेत.

दारव्हेकर

फरश्यांचा मार्ग आम्हाला सोयीचा वाटतो, कारण त्या घरीच पाडता येतील. आता फक्त वेळेविषयी विचारायचे आहे. सध्या जानेवारी संपत आला आहे. मे महिन्यात काम केले तर चालेल ना?

निवृत्त ओव्हरसियर

मे टाळावा. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की काँक्रीटच्या कामाला विशेष काळजी लागते आणि आपल्याकडे त्या महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. माल कालवून टाकेपर्यंतच त्यातले पाणी उडते आणि पहिल्याच दुपारी वर बारीक भेगांचे जाळे पडते. त्यात मे महिन्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, मग काँक्रीटवर कोण मारणार? बाजारात सध्या बहुतांश राखमिश्रित सिमेंट मिळते. त्याला काँक्रीटकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे किमान दहा दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत चौदा दिवस ओलावा द्यायला हवा.

दुसरे कारण मातीचे आहे. मे महिन्यात काळी माती पूर्ण आटलेली असते. त्या स्थितीत तिच्यावर पाटी टाकली तर जूनमध्ये माती फुगून ती पहिल्याच पावसात उचलते. फेब्रुवारीत मातीत मध्यम ओल असते, हवा सौम्य असते आणि विहिरीला पाणी असते. हरभरा अंगणात येण्याच्या आत काँक्रीट आणि भेगा उरकून घ्याव्यात. सिलिकेट लावणे आणि वाट बसवणे ही कामे मार्चमध्ये केली तरी चालतील.

ओलाव्यासाठी कडेने मातीची छोटी वरंडी घालून पाणी तुंबवून ठेवावे, किंवा जुना बारदाना अंथरून तो सकाळ-संध्याकाळ भिजवावा आणि त्यावर प्लास्टिक टाकावे. प्लास्टिकमुळे पाणी निम्म्याहून कमी लागते.

दारव्हेकर

सर्वांच्या सूचनांवरून आम्ही ठरवलेले काम असे आहे. न्हाणीचे पाणी चार इंची पाइपने परसातल्या केळींना जाईल. भिंतीलगतच्या १२ फूट गुणिले ५ फूट भागात काँक्रीट आणि त्यापुढच्या पाच फुटांत मुरूम असेल. भेगा भरून उरलेल्या अंगणाला सिलिकेटचे तीन हात देऊ. वाटेच्या २५ फुटांची फक्त घासून सफाई आणि कडुनिंबाखाली वीस फरश्या. सिमेंट काँक्रीटला पावणेतीन, फरश्यांना दीड आणि भेगांसाठी व किनारीसाठी धरून सहा पोती आणणार आहोत. पोत्याला चारशेच्या आसपास धरले तरी अडीच हजारांत सिमेंट बसते. पाइप, रेती, गिट्टी, मुरूम, चुरी आणि विटा यांनंतरही मिस्त्रींच्या मजुरीसाठी पुरेशी रक्कम हातात राहील असे दिसते. काही राहिले असल्यास कृपया सांगावे.

थापी-करणी

एक राहिले आहे. पाच फूट काँक्रीट जिथे संपते आणि मुरूम सुरू होतो, तिथे काँक्रीटची कड सहा इंच खाली वळवून घ्यावी, म्हणजे मुरमातून मुरलेले पाणी पाटीखाली शिरणार नाही आणि मोटारसायकलच्या चाकाने कड तुटणारही नाही. त्यासाठी साधारण अर्धे पोते वाढेल. मुरमाची पातळी काँक्रीटपेक्षा अर्धा इंच खाली ठेवावी, तीही बाहेरच्याच उताराने.

सिमेंट घेताना पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष पाहून घ्यावे. तीन महिन्यांहून जुने किंवा गठ्ठे झालेले पोते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. सहाही पोती एकदम आणून ओलसर खोलीत ठेवण्यापेक्षा काँक्रीटच्या दिवशी लागतील तेवढीच आधी आणावीत.

सारवण

मुरमाच्या पट्ट्यावर पहिल्या पावसाआधी बारीक चुरीचा एक हात पसरून ठोकून घ्यावा, म्हणजे चिखल पायाला लागून ओट्यावर येणार नाही. आणि आपल्या पत्नीचा निर्णय योग्य आहे, असे त्यांना माझ्याकडून अवश्य सांगावे.